‘चॅलेंजर’ : शाबितीचा भार कुणाच्या डोक्यावर?

जानेवारीचा शेवटचा आठवडा अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळसंस्थेसाठी शोकाचा आठवडा असतो. २७ जानेवारी १९६७ रोजी ‘अपोलो-१’ या यानाला जमिनीवरच्या चाचणीत आग लागली आणि तीन अंतराळवीर आतल्या आत गेले. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी आकाशात मोडले. सात जण गेले. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ पृथ्वीवर परतताना टेक्सासच्या आकाशात विखुरले. पुन्हा सात जण गेले आणि त्यांत हरियाणातील कर्नालची कल्पना चावला होती. पंचांग पाहणाऱ्यांना या तारखांत एखादा ग्रहयोग दिसेलही. आम्हास चौकशी अहवाल वाचण्याची सवय आहे आणि त्या अहवालांत ग्रह कुठेच सापडत नाहीत. माणसे सापडतात, त्यांच्या बैठका सापडतात, कोण काय म्हणाले आणि कुणी कुणाला गप्प केले याच्या नोंदी सापडतात.

आज ‘चॅलेंजर’विषयी लिहावयाचे आहे. ही दुर्घटना टाळता आली असती काय, असा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. आमच्या मते तो प्रश्नच अपुरा आहे. कारण ही दुर्घटना आदल्या रात्री टळलेली होती. २७ जानेवारीच्या रात्री, उड्डाणाच्या काही तास आधी, रॉकेट बनविणाऱ्या कंपनीने ‘उद्या उडवू नका’ असा सल्ला नासाला दिला होता. त्याच रात्री, दोन-अडीच तासांच्या आत, तो सल्ला फिरवला गेला. तो कसा फिरवला, हे नीट समजून घेतले पाहिजे.

आधी त्या सात जणांविषयी. डिक स्कोबी हे यानाचे कमांडर आणि मायकल स्मिथ हे वैमानिक. ज्युडिथ रेझनिक ही अंतराळात गेलेली दुसरी अमेरिकन स्त्री. एलिसन ओनिझुका हा हवाई बेटांवरचा, जपानी वंशाचा. ग्रेगरी जार्विस हा एका खासगी कंपनीचा इंजिनिअर. त्याची जागा आधीच्या उड्डाणांत होती, पण एकदा एका सिनेटरसाठी आणि एकदा एका काँग्रेस सदस्यासाठी त्याला मागे सारण्यात आले आणि तो या यानात येऊन पोहोचला. ख्रिस्टा मॅकऑलिफ ही न्यू हॅम्पशायरमधील एका हायस्कुलातील शिक्षिका. अकरा हजारांहून अधिक शिक्षकांच्या अर्जांतून तिची निवड झाली होती. ती अंतराळातून मुलांना धडे देणार होती, म्हणून त्या सकाळी अमेरिकेतील कितीतरी शाळांमध्ये वर्गात दूरदर्शन संच लावून मुले बसवली होती.

आणि रोनाल्ड मॅकनेअर. दक्षिण कॅरोलिनातील लेक सिटी या गावचा कृष्णवर्णीय मुलगा. बाप मोटार मेकॅनिक, आई शिक्षिका. १९५९ साली, नऊ वर्षांचा असताना, तो गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात विज्ञानाची पुस्तके घ्यायला गेला. ग्रंथपाल बाईने सांगितले की, हे ग्रंथालय काळ्यांसाठी नाही. पोरगा हलला नाही. पुस्तके घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणून तो काउंटरवर चढून बसला. बाईने पोलिसांना बोलावले, त्याच्या आईलाही बोलावले. पोलीस आले, त्यांनी त्या चिमुरड्याकडे पाहिले आणि बाईलाच म्हणाले, देऊन टाका की पुस्तके. हा प्रसंग त्याच्या भावाने पुढे अनेकदा सांगितला आहे. ज्ञानाच्या दारात अडवलेल्या मुलाची गोष्ट आमच्या वाचकांना फोड करून सांगण्याची गरज नाही. पुढे या मुलाने एमआयटीतून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, लेझरवर संशोधन केले, १९७८ साली नासाने त्याची निवड केली आणि १९८४ साली तो पहिल्यांदा अंतराळात गेला. सॅक्सोफोन घेऊन गेला होता, तिथे वाजवलाही. ‘चॅलेंजर’ फुटले तेव्हा तो ३५ वर्षांचा होता.

आता यंत्राकडे वळू. यानाला वर ढकलण्यासाठी दोन्ही बाजूंना घन इंधनाचे एकेक प्रचंड रॉकेट असे. उंची सुमारे ४५ मीटर, व्यास पावणेचार मीटरच्या आसपास. ही रॉकेटे युटा राज्यात मॉर्टन थायोकॉल नावाची कंपनी बनवीत असे. एवढे धूड अखंड नेता येत नाही, म्हणून त्याचे तुकडे रेल्वेने फ्लोरिडाला जात आणि तिथे एकावर एक जोडले जात. जिथे जोड तिथे सांधा, आणि सांध्यातून आतला जळता वायू बाहेर येऊ नये म्हणून प्रत्येक सांध्यात रबराची दोन कडी. त्यांना ‘ओ-रिंग’ म्हणतात. जाडी जेमतेम ७ मिलिमीटर. घरच्या प्रेशर कुकरची रबरी रिंग डोळ्यांसमोर आणा, तत्त्व तेच. ती रिंग कडक झाली की कुकर वाफ सोडतो, हे घराघरांत ठाऊक आहे.

रॉकेट पेटले की आतल्या दाबाने सांधा क्षणभर किंचित फाकतो. त्याच क्षणी रबर फुगून ती फट भरून काढते. एका सेकंदाच्या छोट्याशा भागात हे व्हावे लागते. रबर गार पडले की ताठरते आणि फट भरायला वेळ लावते. कंपनीने १९८५ साली याची चाचणी केली होती. ३८ अंश सेल्सियसला रबर फटीबरोबर लगेच पसरले. २४ अंशांना दोन-अडीच सेकंद लागले. १० अंशांना दहा मिनिटे वाट पाहिली, तरी ते पुन्हा टेकले नाही. या तीन आकड्यांत सगळी गोष्ट आली.

बरे, ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती असे नाही. सांधा फाकतो हे १९७७ च्या चाचण्यांत दिसले होते. कडे जळाल्याची खूण १९८१ च्या दुसऱ्याच उड्डाणात सापडली. डिसेंबर १९८२ मध्ये नासाने स्वतःच्या कागदावर लिहून ठेवले की, हा भाग निकामी झाला तर यान आणि माणसे दोन्ही जातील आणि याला खात्रीचा पर्याय नाही. तरी उड्डाणे चालूच. जानेवारी १९८५ मध्ये फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली असताना एक यान सोडले गेले. त्या वेळी सांध्याचे तापमान १२ अंश होते. रॉकेटे समुद्रातून काढून उघडली तेव्हा दोन कड्यांच्या मध्ये काळीकुट्ट काजळी होती. म्हणजे पहिले कडे ओलांडून आग दुसऱ्यापर्यंत आली होती. कंपनीचा इंजिनिअर रॉजर बोजोले याने ती काजळी आपल्या डोळ्यांनी पाहिली आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली.

३१ जुलै १९८५ रोजी बोजोलेने कंपनीच्या उपाध्यक्षांना लेखी कळवले की, या सांध्याकडे तातडीने लक्ष दिले नाही तर माणसे मरतील. शब्द मोघम नव्हते. या कामासाठी एक छोटा गट नेमला गेला. त्याला माणसे मिळेनात, साहित्य मिळेना. ऑक्टोबरात बॉब एबेलिंग या दुसऱ्या इंजिनिअरने मदतीची हाक देणाऱ्या शब्दानेच सुरुवात करून टिपण पाठवले. नासानेही त्या उन्हाळ्यात या दोषासाठी उड्डाणावर निर्बंध घातला होता, म्हणजे कागदोपत्री यान अडवलेले होते! पण निर्बंध घालणारा अधिकारीच दर उड्डाणाच्या वेळी तो शिथिल करीत गेला. आमच्याकडील शासकीय फायलींची सवय असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. अट कायम, सूटही कायम.

आता ती रात्र. उड्डाण आधीच काही वेळा लांबले होते. २७ तारखेला तर दरवाज्याच्या हँडलचा बोल्ट निघेना. ड्रिल आणले तर त्याची बॅटरी उतरलेली. शेवटी करवतीने कापेपर्यंत वारा वाढला आणि उड्डाण रद्द झाले. दुसऱ्या दिवशीसाठी अंदाज होता तो थंडीचा, रात्री पारा शून्याखाली जाणार होता. थायोकॉलच्या इंजिनिअरांना हे कळताच त्यांनी नासाकडे तातडीची बैठक मागितली. तीन ठिकाणांहून टेलिफोनवर बैठक बसली: युटात कंपनीचे लोक, अलाबामातील हंट्सव्हिल येथे नासाचे रॉकेट केंद्र आणि फ्लोरिडात उड्डाणतळ.

इंजिनिअरांनी घाईत केलेले तक्ते फॅक्सने पाठवले. कंपनीने सल्ला दिला की, १२ अंशांखाली उडवू नये, कारण त्याहून थंडीत उडवल्याचा अनुभवच नाही. नासाच्या बाजूने घन रॉकेट प्रकल्पाचे प्रमुख लॅरी मलॉय भडकले. उड्डाणाच्या आदल्या रात्री नवे निकष आणता काय, मग उडवायचे तरी कधी, एप्रिलमध्ये, असे त्यांनी विचारले. हंट्सव्हिलचे जॉर्ज हार्डी म्हणाले की, हा सल्ला ऐकून आपण थक्क झालो आहोत; मात्र कंपनी नको म्हणत असेल तर आपण उडवणार नाही. ऐकायला हे मोठे न्याय्य वाटते. पण ज्या गिऱ्हाइकाच्या कामावर कंपनी उभी आहे ते ‘थक्क झालो’ म्हणते, तेव्हा कंत्राटदाराला त्याचा अर्थ बरोबर कळतो.

कंपनीने पाच मिनिटे मागितली आणि फोन बंद केला. पाचाची अर्धा तास झाली. वरिष्ठ उपाध्यक्ष जेरी मेसन म्हणाले की, आता व्यवस्थापनाने निर्णय घ्यायला हवा. बोजोले आणि त्याचा सहकारी आर्नी थॉम्पसन उठले. थॉम्पसनने सांध्याचे चित्र काढून दाखवले. बोजोलेने त्या काळ्या काजळीची छायाचित्रे साहेबांच्या पुढ्यात ठेवली, बघा म्हणाला. साहेबांनी पाहिले न पाहिल्यासारखे केले. मग चार व्यवस्थापक आपापसात बोलू लागले. तिघे तयार होते. चौथा, इंजिनिअरिंग विभागाचा प्रमुख रॉबर्ट लुंड, अडखळत होता. त्याला मेसन यांनी सांगितले की, इंजिनिअरची टोपी उतर आणि व्यवस्थापकाची टोपी घाल. त्याने घातली. खोलीत ज्यांना रबर कळत होते, त्यांपैकी कुणालाही मत विचारले गेले नाही. फोन पुन्हा सुरू झाला. कंपनीने सांगितले की, पुरावा निर्णायक नाही, उडवा. नासाने आक्षेप घेतला नाही. सही करून पाठवा, एवढेच सांगितले. फ्लोरिडात कंपनीचा ज्येष्ठ प्रतिनिधी ॲलन मॅकडोनाल्ड बसला होता. त्याने सही करण्यास नकार दिला. तो म्हणाला की, काही विपरीत घडले तर चौकशी मंडळापुढे उभे राहून हे कसे उडवले ते सांगण्याची पाळी माझ्यावर नको. सही युटातून जो किलमिन्स्टर यांनी केली.

वकील म्हणून आमचे लक्ष इथेच अडकते. चौकशी आयोगापुढे बोजोले आणि लुंड दोघांनीही एकच गोष्ट सांगितली. एरवी प्रत्येक उड्डाणापूर्वी कंपनीला सिद्ध करावे लागे की, यंत्र उड्डाणास योग्य आहे. त्या रात्री उलटे झाले. यंत्र योग्य नाही, हे सिद्ध करा, तेही निःसंशय सिद्ध करा, असे सांगण्यात आले. कायद्यात याला शाबितीचा भार म्हणतात. जो एखादी गोष्ट खरी आहे असे सांगून तिच्या आधारे निर्णय मागतो, त्याने ती शाबीत करावी. हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि आता त्याची जागा घेतलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. ‘उडवा’ असा निर्णय कोण मागत होते? नासा मागत होती. मग ‘थंडीत सांधा टिकतो’ हे शाबीत करणे नासाचे काम होते. तिच्याकडे त्याचा एक कपटासुद्धा पुरावा नव्हता. म्हणून भारच पलीकडे सरकवला गेला.

भार एकदा सरकला की पुढचा निकाल ठरल्यासारखा असतो. आम्ही कामगारांच्या अपघाती मृत्यूचे दावे चालवले आहेत. एका दाव्यात मृताच्या विधवेला उलटतपासणीत विचारले गेले की, यंत्र बिघडल्याची तक्रार तुमच्या नवऱ्याने लेखी दिली होती काय? नवऱ्याला सहीपुरतेसुद्धा लिहिता येत नव्हते. त्या दिवशी आम्हाला वाटले होते की, लेखी दिले असते तर बरे झाले असते. ‘चॅलेंजर’चे कागद वाचल्यावर तसे वाटत नाही. बोजोलेने लेखी दिले होते, सहा महिने आधी दिले होते, शिकलासवरलेला होता, गोरा होता, इंग्रजी त्याची मातृभाषा होती.

इंजिनिअरांची बाजू घेताना त्यांची चूकही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही एकतर्फी ठरू. त्यांच्यापाशी पुरावा होता, पण मांडणी कच्ची होती. त्यांनी कडे बिघडलेल्या उड्डाणांचेच आकडे पुढे ठेवले. त्यांत एक बिघाड २४ अंशांच्या उबदार हवेतला होता. मलॉय यांनी त्यावर बोट ठेवले: उबेतही बिघडते, गारठ्यातही बिघडते, मग थंडीचा संबंध काय? बोजोले सांगत राहिला की, थंडीतली काजळी कितीतरी जास्त आणि जास्त काळी होती. आकड्यांत सांग, म्हणाले. आकडा त्याच्यापाशी नव्हता. वास्तविक न बिघडलेली उड्डाणेही त्याच तक्त्यात मांडली असती तर चित्र लख्ख दिसले असते. पुढे आयोगाने ते मांडले. १९ अंश किंवा त्याहून अधिक तापमानाच्या २० उड्डाणांपैकी केवळ तिनांत बिघाड होता. १७ अंश किंवा त्याहून कमी तापमानाच्या चारही उड्डाणांत होता. चारपैकी चार! ही आकडेवारी दोन्ही बाजूंच्या फायलीत पडून होती. पण काही तासांच्या मुदतीत, रात्री, हाताने तक्ते लिहिणाऱ्यांकडून परिपूर्ण पुराव्याची अपेक्षा करावयाची आणि ज्यांच्या हाती संस्था आहे त्यांनी एकही तक्ता काढावयाचा नाही, हा कुठला न्याय?

सकाळी उड्डाणतळावर बर्फाच्या लोंब्या लटकत होत्या. यान बांधणाऱ्या रॉकवेल कंपनीचे लोकही म्हणाले की, या बर्फात उड्डाण सुरक्षित आहे अशी हमी आम्ही देऊ शकत नाही. तेही ऐकून बाजूला ठेवले गेले. ज्यांना अंतिम होकार द्यावयाचा होता, त्या नासाच्या वरच्या अधिकाऱ्यांना रात्रीच्या बैठकीची माहितीच नव्हती. खालच्या पायरीवर वाद मिटला, म्हणजे वर सांगण्यासारखे काही उरले नाही, असा हिशेब.

११ वाजून ३८ मिनिटांनी यान सुटले. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते. हवेचे तापमान २ अंश. उजव्या रॉकेटच्या तळाकडील सांध्याचे तर शून्याखाली असावे, असा नंतरचा अंदाज. सुटल्यापासून एक सेकंदाच्या आत त्याच सांध्यातून काळ्या धुराचे फवारे निघाले. ते कॅमेऱ्यात आहेत, पण त्या वेळी कुणी पाहिले नाहीत. इंधनाच्या राखेने ती फट काही काळ बुजली असावी. ३७ व्या सेकंदापासून जोराचे वारे लागले आणि सुमारे ५९ व्या सेकंदाला ज्वाळा बाहेर आली. युटात एबेलिंगने बोजोलेला ओढून टीव्हीसमोर बसवले होते. यान तळावरून सुखरूप सुटले तेव्हा त्यांना हायसे वाटले. एक मिनिट झाले तेव्हा एबेलिंग बोजोलेच्या कानात कुजबुजला की, आत्ताच देवाचे आभार मानले. त्यानंतर तेरा सेकंद.

यान तुकडे झाले तेव्हा ते सुमारे १४ किलोमीटर उंचीवर होते. माणसांची कुपी मात्र अखंड बाहेर पडली आणि दोन मिनिटे पंचेचाळीस सेकंदांनी समुद्रावर आदळली. आतील तीन आपत्कालीन हवेचे संच चालू केलेले सापडले. म्हणजे निदान काही जण तुटल्यानंतरही जिवंत आणि शुद्धीवर होते. बाहेर पडण्याची सोय यानात नव्हती. हा तपशील लिहिताना आमचा हात थबकतो. पण ‘क्षणात संपले’ असे म्हणून जी सांत्वने दिली जातात, ती मेलेल्यांपेक्षा जबाबदार माणसांना अधिक उपयोगी पडतात.

चौकशीसाठी माजी परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. चंद्रावर पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग त्यात होते, अंतराळात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री सॅली राइड होती, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होते. आधी आयोगाला रात्रीच्या बैठकीचे पुरते कळू दिले गेले नव्हते. १० फेब्रुवारीच्या बंद बैठकीत मागच्या बाजूला बसलेला मॅकडोनाल्ड न बोलावता उठला आणि म्हणाला की, आमच्या कंपनीने उडवू नका असे सांगितले होते. दुसऱ्या दिवशी फाइनमन यांनी सर्वांसमोर त्या रबराचा तुकडा चिमट्यात धरून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि तो गारठल्यावर लवचिक राहत नाही हे दाखवले. हे दृश्य जगभर गाजले. त्यामागची गोष्ट मात्र कित्येक वर्षांनी बाहेर आली. थंडीत रबराचे काय होते याचा नासाचा कागद सॅली राइडने आयोगातील जनरल डोनाल्ड कुटिना यांच्या हातात मुकाट्याने दिला होता. ती नासाची नोकरदार. नाव फुटले असते तर तिला भोगावे लागले असते. कुटिनांनी ते नाव तिच्या मृत्यूनंतरच सांगितले.

आयोगाने स्पष्ट लिहिले की, कंपनीच्या व्यवस्थापनाने आपल्या मोठ्या गिऱ्हाइकाची सोय पाहून, आपल्याच इंजिनिअरांच्या मताविरुद्ध निर्णय फिरवला. त्या रात्री राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे संसदेपुढे भाषण होते, म्हणून व्हाइट हाउसने दडपण आणले, अशीही चर्चा झाली. आयोगाला त्याचा पुरावा मिळाला नाही आणि आम्हीही तसे म्हणणार नाही. वरून आज्ञा यावीच लागते असे नाही. फाइनमन यांनी अहवालाला स्वतंत्र जोडपत्र लावले. त्यात त्यांनी विचारले की, यान जाण्याची शक्यता इंजिनिअर शंभरात एक सांगतात आणि व्यवस्थापक लाखात एक, हे कसे? ही याने २०११ साली बंद झाली. एकूण उड्डाणे १३५ झाली, याने दोन गेली. कोण खरे होते ते ज्याने त्याने पाहावे.

मग शिक्षा कुणाला झाली? फौजदारी खटला कुणावरही झाला नाही. कंपनीने आपल्या नफ्याच्या रकमेतून १ कोटी डॉलर सोडले. कायदेशीर दायित्व मात्र कबूल केले नाही. खरे बोललेल्या मॅकडोनाल्ड आणि बोजोले यांना कंपनीने बाजूला सारले. अमेरिकन संसदेतून ओरड झाली तेव्हा मॅकडोनाल्डला परत घेतले आणि सांधा नव्याने बनवण्याचे काम त्याच्याकडे दिले. त्याने ते केले: तिसरे कडे घातले, उष्णता देणारी पट्टी बसवली आणि सप्टेंबर १९८८ मध्ये उड्डाणे पुन्हा सुरू झाली. बोजोलेला सहकाऱ्यांनी वाळीत टाकले. एक जण तर म्हणाला की, तुझ्यामुळे कंपनी बुडाली तर माझी पोरे तुझ्या दारात आणून सोडीन. त्याने कंपनीवर दावे लावले. न्यायालयाने ते फेटाळले. १९८८ साली एका वैज्ञानिक संस्थेने त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल त्याला पुरस्कार दिला. नोकरी परत मिळाली नाही.

एवढे झाल्यावर तरी नासा शिकली असेल, असे वाटेल. २००३ साली आम्ही कायद्याचे विद्यार्थी होतो. कल्पना चावला गेली तेव्हा आपल्याकडे गावोगाव तिचे फोटो लावून लोकांनी मेणबत्त्या पेटवल्या; सरकारने हवामानाच्या एका उपग्रहाला तिचे नाव दिले. तिचे यान जाण्याचे कारण आम्ही बऱ्याच उशिरा वाचले. उड्डाणाच्या वेळी इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. हे दुसऱ्याच दिवशी चित्रफितीत दिसले. इंजिनिअरांनी तीनदा विनंती केली की, अंतराळातील पंखाची छायाचित्रे मिळवा. ती मिळवली गेली नाहीत. यानातील माणसांना ईमेलने कळवले गेले की, परतीची काही चिंता नाही. चौकशी मंडळाने लिहिले की, पंख सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याऐवजी तो सुरक्षित नाही, हे सिद्ध करण्याचे ओझे इंजिनिअरांवर टाकले गेले. सतरा वर्षांनी तेच वाक्य! आणि इथे तर क्रूरपणा असा की, सिद्ध करावयाला छायाचित्र हवे, आणि आधी सिद्ध करा तर छायाचित्र मिळेल. मंडळाने हेही तपासले की, वेळीच कळले असते तर तयारीत असलेले ‘अटलांटिस’ यान पाठवून त्या सात जणांना आणता आले असते काय. उत्तर होते: अवघड, पण शक्य. कल्पना सोळा दिवस वर होती.

बॉब एबेलिंगने ‘चॅलेंजर’नंतर लवकरच इंजिनिअरिंग सोडले. युटातच बेअर नदीच्या मुखाशी स्थलांतरित पक्ष्यांचे एक अभयारण्य पुरात उद्ध्वस्त झाले होते. ते पुन्हा उभे करण्यासाठी तो वर्षानुवर्षे फुकट राबला. जानेवारी २०१६ मध्ये, ८९ वर्षांचा असताना, त्याने रेडिओवर सांगितले की, त्या रात्री मी आणखी पुरावा मांडायला हवा होता, त्या कामासाठी देवाने माझी निवड केली हीच देवाची चूक. तीस वर्षे तो शाबितीचा भार स्वतःच्याच डोक्यावर घेऊन बसला होता. ते ऐकून शेकडो अनोळखी लोकांनी त्याला पत्रे लिहिली. हार्डींनीही लिहिले, त्या रात्री ‘थक्क झालो’ म्हणणारे तेच हार्डी. घरच्यांनी पत्रे त्याला वाचून दाखवली. मार्चमध्ये तो गेला.